घरी वाढवलेली आठ फुटी ऑर्नामेंटल मिल : दहा महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या मिलच्या, म्हणजे लाकडी खांबांवर पीळ कापणाऱ्या यंत्राच्या, बेडवर (लांब लोखंडी चौकटीवर), हेडस्टॉकपासून (लाकूड फिरवणाऱ्या टोकापासून) १२०० मिमीवर, लाल मार्करची एक रेघ आहे. तिथे राउटरची गाडी ज्यांवरून सरकते त्या दोन रेल एकमेकींना भिडतात. गेल्या दहा महिन्यांत या रेघेवर मी जेवढा वेळ घालवला तेवढा बाकीच्या सगळ्या मशीनवर मिळून घातला नसेल. परवा वाईच्या ताईच्या पडवीचा चौथा आणि शेवटचा खांब मशीनवरून उतरवला, म्हणून आता सगळं एकदा लिहून काढतो.

मूळ मिल चार फुटी, तीन वर्षांपूर्वी पुण्यात धायरीच्या घराच्या पार्किंगमध्ये बांधलेली. अमेरिकेतल्या लेगसी मिलचीच कल्पना : लाकूड दोन सेंटरमध्ये, वर राउटर (फिरत्या बिटने लाकूड कापणारं हत्यार), हँडल फिरवलं की कॅरेज, म्हणजे राउटरची गाडी, सरकते आणि त्याच हिशेबात लाकूडही फिरतं. कॅरेज ओढणाऱ्या बॉल स्क्रूच्या (आटेदार दांड्याच्या) एका फेऱ्याला १० मिमी, पुढे तीसास एक वर्म गिअरबॉक्स (स्क्रूच्या तीस फेऱ्यांना लाकडाचा एक), म्हणजे ३०० मिमीला एक पीळ. मध्ये ४० आणि ५० दातांची जोडी घातली की २४०, उलटी घातली की ३७५. देवघराचे खांब, टेबलाचे पाय, झोपाळ्याच्या कड्यांखालचे दांडे असं बरंच काम तिने विनातक्रार केलं. मग ताईने सात फुटी चार खांब मागितले, पिळाचे, आणि गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मशीन वाढवायला घेतलं.

आठ फुटांवर थांबलो ते प्लायवूडमुळे. निमुळत्या खांबासाठी राउटर ज्या टेम्पलेटवरून चालतो ती पट्टी अखंड हवी, आणि प्लायचं शीट आठ फुटांचंच येतं. टेम्पलेटला जोड नको म्हणून एवढा विचार केला आणि रेलला मात्र जोड चालवून घेतला. हा निर्णय पैसे वाचवण्यासाठी होता. जुन्या १२०० च्या रेल होत्याच, तेवढ्याच दोन नवीन घेतल्या की झालं, असा हिशेब केला.

रेल देणाऱ्याला मी जुन्या रेलचा फोटो आणि माप पाठवलं होतं. "तीच आहे साहेब, डोळे झाकून लावा." लावली. डायल गेज (बारीक उंचसखलपणा दाखवणारं काट्याचं माप) फिरवला तर जोडावर काटा ०.०८ मिमीने उडी मारतो. नवीन रेल आधाराच्या पट्टीसकट किंचित उंच. फोन केला तर उत्तर, "तुमचा पाइप वाकलाय." पाइप वाकू नये म्हणून मी जुन्या बेडला तुकडा वेल्डिंग करून जोडला नव्हता. वीस फुटी १०० बाय ५० चा नवीन पाइप आणून त्यातूनच दोन्ही बाजू कापून घेतल्या होत्या आणि स्ट्रेट एज लावून तपासल्या होत्या. तीन आठवडे फोन, मेसेज, फोटो. शेवटी म्हणाला, परत घेतो, पण भाडं तुमचं आणि पंधरा टक्के कापून. मी परत केल्या नाहीत. जुन्या रेलखाली कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापून घातला. तो जवळपास ०.१ मिमी भरतो. उडी ०.०२ वर आली. तरीही त्या माणसाचा मला आजही राग आहे, कारण दोन्ही रेल समोरासमोर ठेवून मोजायला त्याला दोन मिनिटं लागली असती.

पहिला खांब जानेवारीत झाला. मधल्या फूटभर पट्ट्यात पिळाच्या खोबणीत बारीक लाटा उठल्या होत्या, बोट फिरवलं की कंगव्यासारख्या लागत. तो पट्टा साधारण १००० ते १३०० च्या मध्ये. कॅरेजच्या पुढच्या-मागच्या बेअरिंगमध्ये २०० मिमी अंतर आहे, त्यामुळे जोडाचा धक्का एवढ्या अंतरात पसरणारच असं मी धरून चाललो. रेलची टोकं तेलाच्या दगडावर घासली, शिम (रेलखालचे पातळ पत्रे) बदलल्या, बोल्ट एका ठरावीक क्रमाने कसले. पार्किंगच्या फरशीला पाणी जायला उतार असतो, तो धरून पायांची लेव्हल पुन्हा काढली. बेडला मधोमध तिसरा पाय दिला, कारण लांबी दुप्पट झाली की त्याच वजनाखाली पाइप आठपट वाकतो. हे सगळं करून दुसरा खांब केला, आणि लाटा तिथेच.

मत बदललं मे महिन्यात. एका शेजाऱ्यांच्या जिन्यासाठी १५०० मिमीचा, ६० मिमी जाडीचा दांडा लावला होता. लाटा ७५० च्या आसपास आल्या, आणि लाल रेघेच्या जागी खोबण स्वच्छ! फक्त नखाला लागेल अशी एक आडवी केसासारखी रेघ, जी १२० नंबरच्या पॉलिश पेपरच्या चार हातांत गेली. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. सात फुटी खांबाचा मध्य आणि माझा जोड यांच्यात जेमतेम १३० मिमीचं अंतर होतं. थरथरत होतं लाकूड, रेल नव्हे. खोबणी पडल्यावर बारीक झालेल्या खांबाच्या मधोमध तळव्याने नुसतं दाबलं तर काटा ०.३ मिमी हलला. जोडाच्या ०.०२ वर मी पाच महिने डोकं आपटत होतो आणि या ०.३ कडे एकदाही गेज लावला नव्हता.

म्हणून लांब मिल बांधणाऱ्या प्रत्येकाला माझं हेच सांगणं आहे, की बेडच्या आधी स्टेडी (लांब लाकूड मध्ये थरथरू नये म्हणून दिलेला आधार) बनवा. माझी स्टेडी म्हणजे कॅरेजलाच खालून टांगलेली नायलॉनची अर्धी कडी, ६० मिमी रुंद, बरोबर राउटरच्या खाली. बेअरिंगची स्टेडी पिळाच्या कामाला चालत नाही, कारण खोबण आली की बेअरिंग आत पडतं. अर्धी कडी मात्र खांबाभोवतीच्या चार पिळांपैकी निदान दोन उंचवट्यांवर कायम टेकलेली असते. त्यावर मेणबत्ती घासायची. तिसरा आणि चौथा खांब असा केला, आणि मधल्या पट्ट्यात फक्त पेपरचं काम उरलं. पहिल्या दोघांच्या लाटा मी गोल कानशीने हाताने काढल्या, खांबामागे दोन दोन दिवस.

दुसरी गोष्ट वर्म गिअरबॉक्सच्या प्लेची, म्हणजे दातांमधल्या ढिलाईची. अर्धा अंश प्ले असला तरी १०० मिमीच्या खांबाच्या कडेला तो ०.४ मिमीहून जास्त होतो, म्हणून जाताना कापलं आणि येतानाही कापलं की खोबणीला दुहेरी कड येते. कापायचं एकाच दिशेने, परतताना राउटर उचलून. सात फुटांच्या खांबाला एका खेपेला साधारण २१० फेरे. चार पिळांचा खांब, १२ मिमी खोली ३-३ मिमीने, म्हणजे सोळा खेपा. जाऊन-येऊन एका खांबाला ६,७२० फेरे. पहिला खांब हाताने केला आणि उजवा खांदा आठवडाभर दुखला. मग जुन्या बाजारातून गाडीच्या वायपरची मोटर आणली, १२ व्होल्टची. तिच्यावर एक खेप चार मिनिटांत होते. लांब मिलला मोटर ही चैन नाही.

लाकूड जुन्या वाड्याच्या तुळयांचं सागवान. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये नवीन लाकडाचे घनफुटाचे भाव ऐकून मी तसाच परत फिरलो होतो. जुनं सागवान मुरलेलं, आता ते फारसं हलत नाही, आणि ओंडक्याचा अगदी मध्य टाळून कापून घेतलं तर सहसा चिरतही नाही. पण त्यात खिळे असतात. तिसऱ्या खांबात पृष्ठभागापासून बोटभर आत एक चौकोनी, हाताने घडवलेला खिळा होता. बिटचं कार्बाइड तुटून हेल्मेटच्या काचेवर आपटलं. नुसता चष्मा नाही, त्यावर पूर्ण चेहऱ्याची काचही वापरा, हे मी हात जोडून सांगतो. आता प्रत्येक तुकड्यावर आधी दोऱ्याला बांधलेलं जोरकस चुंबक फिरवतो. साग तसाही बिटची धार लवकर खातो, त्यात सिलिका असते. एचएसएसच्या (हाय स्पीड स्टीलच्या) बिटवर पैसे घालवू नका.

खांब करायच्या आधी ताईला घेऊन विश्रामबाग वाडा पाहिला होता. १८०७ चा, दुसऱ्या बाजीरावाचा. तिथले सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब आणि वरचं केळफूल हाताने कोरलेलं आहे, पीळ कुठेच नाही. ताईला बुंध्याशी तसा निमुळता घाट आणि वर पीळ हवा होता. घाट टेम्पलेटने उत्तम येतो. केळफूल मिल करू शकत नाही, तिथे पटाशीच हवी, आणि ते काम मी एका जाणत्या सुताराकडून करून घेतलं. मिलने सगळं होतं असं समजून कुणी पैसे घालू नयेत.

वाढवण्याचा खर्च २३,४०० रुपये आला, स्टेडी आणि मोटर धरून. पुन्हा करायची वेळ आली तर रेल अखंड घेईन. नाहीच मिळाल्या तर एका बाजूला १५०० आणि ९००, दुसऱ्या बाजूला ९०० आणि १५०० अशा लावेन, म्हणजे दोन्ही जोड एकाच वेळी कॅरेजखाली येणार नाहीत. आणि चारही तुकडे एकाच दिवशी, एकाच गठ्ठ्यातून, दुकानातच गेज लावून.

चौथा खांब भिंतीला टेकवून ठेवला आहे. तेलाचा पहिला हात झाला, दुसरा रविवारी. १२०० ची रेघ कुठे होती ते काल संध्याकाळी बॅटरी आडवी धरून शोधलं. सापडली नाही.