पिको बोर्ड: सगळं दिलं, रिसेट बटण तेवढं खाल्लं

रास्पबेरी पाय पिको या छोट्या कंट्रोलर बोर्डाचे स्पेक्स सगळ्यांना पाठ आहेत, दोन कोर, १३३ मेगाहर्ट्झ, २६४ केबी रॅम, ते परत लिहीत नाही. विक्रेत्याशी भांडण झालं म्हणून लिहायला बसलो.

चोपड्याकडे आमची केळीची कांदेबाग आहे, तिथे ठिबकची मोटर चालूबंद करायला लावलाय. ओलाव्याचा सेन्सर, एक रिले म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा छोटा स्विच, पुढे मोटरची वीज जोडणारा-तोडणारा स्टार्टरचा कॉन्टॅक्टर, बस.

तर रिसेट बटण. २०२१ साली चार डॉलरमधे बोर्ड काढला, मानलं, पण दोन रुपयाचं बटण वाचवून काय मिळवलं यांनी? नवा प्रोग्राम टाकायचं बूटसेलचं बटण आहे, बोर्ड नव्याने सुरू करायचं रिसेटचं नाही. मी आधी प्रोग्राम सी भाषेत लिहायचो, म्हणजे प्रत्येक बारीक बदलाला केबल काढा, बूटसेल दाबून धरा, केबल लावा, पेन ड्राइव्हसारखा दिसला की प्रोग्रामची यूएफटू फाइल टाका, चुकलं की परत तेच. वर पिनांची नावं खालच्या बाजूला छापलेली, ब्रेडबोर्डवर, म्हणजे बिनसोल्डरच्या जोडणीच्या पाटीवर, बसवल्यावर काय आरसा धरून वाचायची? काढघाल करून करून मायक्रो यूएसबीचं सॉकेट ढिलं झालं. ज्याच्याकडून ऑनलाइन मागवला तो म्हणे फिजिकल डॅमेज वॉरंटीत येत नाही, तपासायला पाठवायचा तर दोन्हीकडचं कुरियर तुमचं. साडेतीनशेच्या बोर्डाला दोनशेचं कुरियर! नाही पाठवला.

मग दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे सी सोडून मायक्रोपायथन भाषेवर गेलो, तिथे फर्मवेअर एकदाच टाकायचं, पुढे नुसती फाइल सेव्ह करायची, अर्धा राग तिथेच गेला. दुसरं, ३० नंबरची पिन रन आहे, ती ग्राउंडला टेकवली की बोर्ड रिसेट. २८ नंबर ग्राउंडच आहे, मधे एकच पिन, त्यामुळे जळगावच्या गोलाणी मार्केटातून आणलेलं चार पायांचं साधं पुश बटण ब्रेडबोर्डवर बरोब्बर बसलं. आता हे कंपनीला का सुचू नये?

ढिल्या सॉकेटचा बोर्डही टाकला नाही. बोर्डाला वीज द्यायच्या व्हीसिस पिनवर १.८ ते ५.५ व्होल्ट चालतात, जुन्या चार्जरचे पाच व्होल्ट तिथे दिले आणि तोच विहिरीवरच्या डबीत बसवला. सेन्सर मात्र ३.३ व्होल्टवरच चालवा, पिनांना पाच व्होल्ट झेपत नाहीत.

पण खरी गंमत पुढे. कॉन्टॅक्टर सुटताना असा झटका मारतो की प्रोग्राम जागीच थिजतो, रिले ओढलेलाच राहतो. थ्री फेज वीज रात्रीची, शेतावरून आप्पांचा फोन, "भाऊ, मोटर चालूच शे!" वाफ्यात तळं. तिथे माझं दोन रुपयाचं बटण दाबायला कोण जाणार? वॉचडॉग लावला. या चिपचा वॉचडॉग जास्तीत जास्त आठ सेकंदांच्या थोडा वर जातो, तेवढ्यात प्रोग्रामने हजेरी नाही दिली की तो स्वतःच रिसेट करतो, रिलेची पिन इनपुट होते, रिले सुटतो, मोटर बंद. माझा रिले ट्रान्झिस्टरवर, पिन हाय (३.३ व्होल्ट) केल्यावर ओढणारा आहे म्हणून हे जमतं. लो (शून्य व्होल्ट) वर ओढणारं तयार मॉड्यूल असेल तर आधी टेबलावर तपासा, त्यातली काही ३.३ व्होल्टवर नीट सुटतच नाहीत. कॉन्टॅक्टरच्या कॉइलला झटका शोषणारा आरसी स्नबरही टाकला, तेव्हापासून आप्पांचा फोन फक्त केळीच्या भावासाठी येतो.

उन्हाळ्यात पत्र्याच्या डबीत हात लावला तर चटका बसायचा, हा गडी चालूच. तिथे शंभर टक्के मार्क.

ऑगस्ट २०२४ मधे पिको २ आला, आशेने फोटो मोठा करून पाहिला. रिसेट बटण नाहीच, यूएसबीही तीच मायक्रो. त्यामुळे मृगबागेच्या केळीसाठी जुनाच मागवतोय. सोल्डरिंग गन नसेल तर पिको एच घ्या, पिना लावून येतो. वायफायवाला पिको डब्ल्यू आहे, पण आमच्या विहिरीवर मोबाइलची रेंजच लिंबाच्या झाडाखाली येते, वायफायचे पैसे कशाला घालू.