आठ दिवसांची मौन रिट्रीट : वर्षभर सोसलेल्या माणसाने घ्यावी का?

वर्ष वाईट गेलं की चर्चच्या मंडळीतलं कुणीतरी हमखास सुचवतं, ‘एकदा रिट्रीटला जाऊन ये,’ म्हणजे काही दिवस सगळं बाजूला ठेवून एकांतात प्रार्थनेत घालव. सल्ला वाईट नाही, पण अर्धवट आहे. रिट्रीट कुठल्या प्रकारची, मार्गदर्शक कोण आणि दुःख किती ताजं, यावर सगळं अवलंबून असतं. हे परीक्षण इग्नेशियन पद्धतीच्या, वैयक्तिक मार्गदर्शन असलेल्या आठ दिवसांच्या मौन रिट्रीटचं आहे. केंद्र कुठलंही असलं तरी साचा साधारण सारखाच असतो, म्हणून साच्याबद्दलच बोलू.

हा साचा येशूसंघाचे (जेझुइट) संस्थापक संत इग्नेशियस लोयोलांचा. १५२१ मध्ये स्पेनमधल्या पांप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला आणि कित्येक महिने ते अंथरुणाला खिळले. पुढे मान्रेसा गावातल्या मुक्कामात त्यांनी मनाच्या चढउतारांच्या नोंदी ठेवल्या. त्यातून ‘आध्यात्मिक साधना’ हे पुस्तक तयार झालं आणि १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी त्याला मान्यता दिली. पूर्ण साधना सुमारे तीस दिवसांची, आठ दिवसांची ही तिची आटोपशीर आवृत्ती. पुस्तकातल्या परिच्छेदांना क्रमांक आहेत, खाली कंसात दिलेले आकडे त्यांचेच.

दिवसाचं वेळापत्रक सुटसुटीत असतं. एकेक तासाच्या चार प्रार्थना, मार्गदर्शकाशी अर्धा-पाऊण तास भेट, मिस्सा (कॅथलिक उपासना), आणि उरलेला वेळ मौन. मौन जेवतानाही. फोन बंद करून कपाटात ठेवायचा. ‘फक्त घरच्यांसाठी चालू’ असं ठरवलं की तो सगळ्यांसाठीच चालू राहतो. घरच्यांना तातडीसाठी केंद्राचा क्रमांक देऊन ठेवला की तो प्रश्न मिटतो.

कस लागतो तो प्रार्थनेच्या तासात. बायबलमधला आठ ते बारा वचनांचा एकच उतारा घ्यायचा आणि तो आदल्या रात्रीच वाचून ठेवायचा. पहिली पाच मिनिटं बसणं, श्वास, देवासमोर असल्याची जाणीव. मग आपल्याला काय हवंय ते स्पष्ट शब्दांत मागायचं. त्यानंतर उतारा सावकाश वाचायचा आणि जिथे मन अडेल तिथेच थांबायचं, पुढे जायची घाई करायची नाही (७६). शेवटची काही मिनिटं मित्र मित्राशी बोलतो तसं प्रभूशी बोलणं. तास संपल्यावर जागा बदलून पंधरा मिनिटांचा आढावा घ्यायचा (७७), आणि वही उघडायची ती तेव्हाच. प्रार्थनेच्या तासातच वही हातात घेतली की माणूस स्वतःचाच वार्ताहर होतो. वहीत दोनच गोष्टी पुरतात : कशाने मन हललं आणि कशाला मनाने विरोध केला.

पुढच्या तासाला नवा उतारा मिळेलच असं नाही. बऱ्याचदा मार्गदर्शक त्याच उताऱ्याकडे, त्याच हललेल्या किंवा अडलेल्या जागी परत पाठवतो (६२). नवख्यांना हा वेळेचा अपव्यय वाटतो, पण सगळ्या पद्धतीतला सर्वात गुणकारी भाग हाच. पुष्कळ ज्ञानाने आत्मा तृप्त होत नाही, आतून चव घेण्याने होतो, हे इग्नेशियसनी सुरुवातीलाच सांगून ठेवलंय (२). सोबत पाच-सहा पुस्तकं नेणाऱ्यांनी ती बॅगेतच राहू द्यावीत.

आता वर्षभर सोसलेल्या माणसाचा मुद्दा. पहिले दोन दिवस जवळजवळ झोपेत जातात आणि ते तसेच जाऊ द्यावेत. राजांच्या पहिल्या ग्रंथातल्या १९व्या अध्यायात एलीया संदेष्टा ‘आता पुरे’ म्हणत झुडपाखाली आडवा होतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. उठवतो, भाकर आणि पाणी देतो, परत झोपू देतो, मग पुन्हा उठवून खायला सांगतो. ‘तू इथे काय करतोस?’ हा प्रश्न येतो तो चाळीस दिवसांच्या चालीनंतर, होरेब डोंगरावर. चांगला मार्गदर्शक पहिल्या दिवशी हा उतारा देतो आणि चारऐवजी दोनच तास प्रार्थनेला सांगतो. पहिल्याच संध्याकाळी पापांची यादी करायला लावणारा मार्गदर्शक अशा माणसासाठी योग्य नाही.

त्यानंतर तक्रारीची पाळी. स्तोत्रसंहितेतली सुमारे एक तृतीयांश स्तोत्रं विलापाची आहेत, तरी उपासनेत आपण बहुधा स्तुतीचीच निवडतो. १३वं स्तोत्र सुरुवातीला उत्तम : अवघी सहा वचनं, त्यात ‘कोठवर?’ हा प्रश्न चारदा, आणि शेवटी भरवसा. ८८वं मात्र अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाही. कर्ज, आजार किंवा मृत्यू पाहिलेल्या माणसाला कधीकधी हे दुसरंच जास्त खरं वाटतं. देवापुढे नम्रतेचं सोंग आणण्यापेक्षा एक तास मोकळेपणाने भांडलेलं बरं. पाचव्या-सहाव्या दिवशी लूक २४ (अम्माऊसची वाट, जिथे खचलेल्या दोन शिष्यांना पुन्हा उठलेला येशू भेटतो) किंवा योहान २१ देतात. योहानात कोळशाचा विस्तव दोनदा येतो : एकदा पेत्र येशूला नाकारतो तेव्हा, आणि पुन्हा किनाऱ्यावर, जिथे त्याला तीनदा ‘माझ्यावर प्रीती करतोस काय?’ असं विचारलं जातं. हरलेल्या माणसासाठी यापेक्षा चांगला उतारा क्वचितच सापडेल.

मधल्या दिवसांत कोरडेपणा येतोच. प्रार्थना लाकडासारखी होते, बॅग भरून निघून जावंसं वाटतं. यावर पुस्तकात नेमके नियम आहेत. कोरडेपणात आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही (३१८). तास कापायचा नाही, उलट थोडा जास्त बसायचं (१३). आणि कोरडेपणाची कारणं तीन : आपली हयगय, देवाने पाहिलेली कसोटी, आणि सांत्वन ही आपली कमाई नसून देणगी आहे हे कळावं म्हणून (३२२). दुखावलेला माणूस यातलं पहिलंच कारण उचलतो आणि स्वतःला झोडपत बसतो. उरलेली दोन त्याच्यापुढे ठेवणं हे मार्गदर्शकाचं काम, आणि त्यावरूनच त्याची पारख करावी.

उलट बाजूही लक्षात ठेवावी. सातव्या दिवशी मन भरून आलं की लोक नोकरी सोडायचं, मठात जायचं किंवा मोठं व्रत घ्यायचं ठरवतात. अशा भरात घाईने वचन देऊ नये, असं पुस्तकच बजावतं (१४). आणि मार्गदर्शकाने एखाद्या निर्णयाकडे ढकलू नये, तराजूच्या काट्यासारखं मधे उभं राहावं (१५). तुमची गुपितं उकरून काढणंही त्याचं काम नाही (१७).

हे नियम आध्यात्मिक कोरडेपणासाठी आहेत, नैराश्याच्या आजारासाठी नाहीत. दोन आठवडे किंवा जास्त काळ दिवसभर उदासी, झोप आणि भूक बिघडलेली, कशातच रस नाही, असं असेल तर आधी डॉक्टर. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर रिट्रीट पुढे ढकलून आजच मदत घ्यावी. चालू असलेली औषधं मौनात थांबवायची नाहीत आणि अर्जात ती लपवायची नाहीत. ज्या केंद्राच्या अर्जात तब्येतीबद्दल एकही प्रश्न नाही, तिथे जरा जपून. जवळच्या माणसाचा मृत्यू नुकताच झाला असेल तर आठ दिवसांचं मौन बहुतेकांना झेपत नाही. तेव्हा माणसांची सोबत हवी असते.

नाव नोंदवताना विचारायचे प्रश्न थोडेच. रोजची भेट एकेकट्याची आहे की सगळ्यांना एकत्र प्रवचन? (प्रवचनाची रिट्रीट वाईट नाही, पण ती वेगळी सेवा आहे.) एका मार्गदर्शकाकडे किती जण? पाच-सहाच्या वर आकडा गेला की भेटी घड्याळाकडे बघत उरकल्या जातात. मार्गदर्शकाने हे प्रशिक्षण घेतलंय का आणि न जमल्यास तो बदलून मिळतो का? कॅथलिक नसलेल्यांचं बहुतेक ठिकाणी स्वागत असतं, पण कम्युनियनबद्दलचे (मिस्सामधल्या पवित्र भाकरीबद्दलचे) नियम आधीच विचारून घ्यावेत, तिथे ऐनवेळी अवघडायला नको.

आमचं मत : पहिला धक्का ओसरलेल्या, रोज थोडीतरी प्रार्थना करायची सवय असलेल्या माणसासाठी पाचपैकी साडेचार. सवयच नसेल तर तीन, कारण अर्धा आठवडा बसायला शिकण्यातच जातो. त्यांनी आधी दोन-तीन दिवसांची घ्यावी.

आणि ज्यांना घर, लेकरं, ड्युटी सोडता येत नाही त्यांच्यासाठी दुसरी सोय त्याच पुस्तकात आहे (१९). घरी राहून, रोजचं काम सांभाळून साधना. मूळ सूचना दिवसाला दीड तासाची, हल्ली बहुतेक ठिकाणी पाऊण ते एक तास आणि आठवड्यातून एक भेट, असे सात-आठ महिने. खडतर वर्षानंतर आम्ही बहुतेकांना हीच सुचवू. इथे प्रार्थना आणि बिलं, भांडणं, दवाखाना एकाच दिवसात येतात, त्यामुळे जे सापडतं ते टिकतं. धोका एकच : तिसऱ्या महिन्यात भेटी चुकायला लागतात. भेटीचा वार आणि वेळ सुरुवातीलाच कायमची बांधून घ्यावी.

आठ दिवसांची घेतलीच तर परतीचा दिवस मोकळा ठेवावा, दुसऱ्याच सकाळी कामावर हजर होऊ नये. पहिले दोन आठवडे सकाळी अर्धा तास प्रार्थना आणि रात्री पंधरा मिनिटांचं आत्मपरीक्षण (४३) : आभार, प्रकाशाची मागणी, दिवसाची उजळणी, क्षमा, उद्याचा निश्चय. यात आभार पहिले आहेत, चुका नंतर. हा क्रम उलटा केला की महिन्याभरात लोक ते सोडून देतात. मार्गदर्शकाला महिन्याने एकदा भेटायची वेळ निघण्यापूर्वीच ठरवून घ्या, नंतर फोन करायचा राहून जातो.