ओबीडी डोंगल आणि इन्फ्रारेड थर्मामीटर: तापणाऱ्या कॅटच्या मागे लागून आलेला अनुभव

गणपतीच्या आधी घेतलेल्या या दोन वस्तू आंबा संपेपर्यंत भरपूर वापरून झाल्या, म्हणून आता लिहायला हरकत नाही. एक ईएलएम ३२७ जातीचा चिनी ब्लूटूथ डोंगल, म्हणजे गाडीच्या ओबीडी सॉकेटला लावून तिच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड मोबाइलवर दाखवणारा, दुसरं हातात धरून नेम धरायचं इन्फ्रारेड थर्मामीटर. दोन्ही मिळून एका सर्व्हिसिंगपेक्षा स्वस्त. गाडी २०१४ ची, चार सिलिंडरची पेट्रोल, सेकंडहँड, मुंबई पासिंग. पासिंगचा उल्लेख मुद्दाम केलाय. ओबीडी-२ सक्तीचं झालं एप्रिल २०१३ पासून, तेही बीएस-४ (प्रदूषणाच्या नियमांचा तेव्हाचा टप्पा) गाड्यांना, आणि बीएस-४ तेव्हा मोठ्या शहरांपुरतंच होतं. देशभर ते एप्रिल २०१७ ला आलं. तुमची गाडी त्या काळातली सिंधुदुर्ग पासिंगची असेल तर आधी कुणाचा तरी डोंगल लावून बघा, मग पैसे घाला.

दुखणं असं होतं: देवगडहून कोल्हापूरला जाताना फोंडा घाट चढायला लागलं की गाडी मिसिंग मारायची, चेक इंजिनचा दिवा लुकलुकायचा, आणि वर दाजीपूरला थांबलं की सडक्या अंड्यांचा वास आणि पायाशी धग. सपाटीला गाडी एकदम शहाणी. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, पी ०४२० हा कोड निघाला, आणि निकाल तिथल्या तिथे: "काकानू, कॅट गेलो. बदलूचो लागतलो." कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, इंजिनातून येणारा धूर स्वच्छ करणारा डबा. खर्चाचा आकडा पाच आकडी. दुसऱ्या एकाने कॅट काढून सरळ पाइप टाकायची तयारी दाखवली. ते बेकायदा आहे, शिवाय पीयूसीला अडतं. (कधी बदलावा लागलाच तर जुना कॅट परत मागून घ्या. आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. भंगारात त्याला चांगला भाव आहे, आणि हे गॅरेजवाल्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.)

पी ०४२० एवढंच सांगतो की कॅटनंतरचा, म्हणजे मागचा ऑक्सिजन सेन्सर कॅटच्या आधीच्या, म्हणजे पुढच्या सेन्सरसारखा वरखाली व्हायला लागलाय, म्हणजे कॅट नीट काम करत नाही. का करत नाही, ते तो सांगत नाही. डोंगल इथे कामाला आला. ॲपमध्ये पक्के कोड वेगळे आणि 'पेंडिंग' वेगळे दिसतात. पेंडिंगमध्ये पी ०३०३ बसला होता, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरला मिसफायर. त्याच्या फ्रीझ फ्रेममध्ये (कोड आला त्या क्षणाच्या नोंदीत) इंजिनवरचा लोड ऐंशी टक्क्यांच्या वर, वेग पस्तीसच्या आसपास: सरळसरळ घाटातली चढण. दिवा स्थिर पेटला तर सवडीने बघता येतं. लुकलुकला तर मिसफायर कॅट जाळण्याइतका वाढलाय, पाय उचलायचा.

आता मुख्य गोष्ट. सिलिंडर पेटला नाही की त्यातलं पेट्रोल आणि हवा दोन्ही तसेच पुढे जातात आणि कॅटमध्ये जाऊन जळतात. नेहमी ४०० ते ८०० अंशांत काम करणारा कॅट मग हजाराच्याही वर जाऊ शकतो, आणि फारच तापला तर आतली जाळी वितळायला लागते. त्यात भर अशी की पुढच्या सेन्सरला पेट्रोल दिसत नाही, दिसतो तो उरलेला ऑक्सिजन. त्याला वाटतं मिश्रण पातळ झालं. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, सगळ्याच सिलिंडरांना पेट्रोल वाढवून देतो. आगीत तेल! माझ्या गाडीत लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू नेहमीपेक्षा किती पेट्रोल कमीजास्त देतोय तो आकडा) अधिक १४ टक्क्यांवर गेला होता. हा आकडा एकटा बघितला असता तर कुणीही इंधनपंप नाहीतर इंजेक्टर धुवायला काढला असता.

तिसऱ्या सिलिंडरची इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) दुसऱ्याला लावली, कोड तिसऱ्यालाच. प्लग बदलून बघितला, तरी तिसऱ्यालाच. मग कॉइलचा कनेक्टर उजेडात धरला. मधल्या पिनेवर हिरवट पांढरी पूड, आणि मादी बाजूची पकड इतकी सैल की कनेक्टर न काढताच हातात हलत होता. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गाडी उभी असते, त्याचं हे भाडं. वायरसकट नवा कनेक्टर जोडला, इंजिनच्या अर्थिंगची पट्टीही घासून घेतली. ट्रिम हळूहळू अधिक ५ वर आला. त्यातले तीन-चार टक्के ई२० (वीस टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलचे समजा; इथेनॉल वाढलं की जुन्या गाडीत ट्रिम तेवढा वर राहतोच.

थर्मामीटरबद्दल. ॲपमध्ये 'कॅटलिस्ट टेंपरेचर' दिसतं त्यावर फार विसंबू नका. बहुतेक गाड्यांत तिथे सेन्सरच नसतो, ईसीयू हिशेबाने आकडा काढतो. थर्मामीटर कॅटच्या आधीच्या आणि नंतरच्या पाइपवर धरायचं, पत्र्याच्या हीट शील्डवर नाही. चकचकीत स्टीलवर ते कमी तापमान दाखवतं, गंजलेल्या पाइपवर बरंच खरं. कोकणात तेवढी एक सोय. घाट चढून आल्यावर पुढे २७० आणि मागे नुसतंच 'एचआय', कारण माझं स्वस्तातलं ३८० पर्यंतच जातं. घ्यायचं तर ५५० पर्यंतचं घ्या. दुरुस्तीनंतर त्याच चढणीनंतर मागचा पाइप पुढच्यापेक्षा पंचवीस-तीस अंश जास्त, एवढंच. मोजायला गाडी सड्यावर सुकलेल्या गवतात उभी करू नका. तापलेल्या कॅटने गवत पेटायला वेळ लागत नाही आणि बाजूला कुणाची तरी कलमं असतात.

कॅट वाचला का? बऱ्यापैकी. पी ०४२० परत आलेला नाही, पण मागच्या सेन्सरची रेघ असायला हवी तितकी सपाट नाही. थोडा भाजलाय तो. जाळी तुंबली आहे का, हे मात्र डोंगल सांगू शकत नाही. त्यासाठी पुढचा सेन्सर काढून तिथे प्रेशर गेज लावावा लागतो, किंवा निदान गार गाडीच्या कॅटवर रबरी हातोडीने टकटक करून आत काही खुळखुळतंय का ते ऐकायचं. पीयूसीची चिठ्ठीही फेकू नका: हायड्रोकार्बन चढलेलं आणि कार्बन मोनॉक्साइड कमी असेल तर मिसफायरचा संशय घ्या, मोनॉक्साइड चढलं असेल तर मिश्रण जाड.

डोंगलच्या तक्रारी: पाकिटावर २.१ आवृत्ती लिहिलेल्या नकलांपैकी बऱ्याच अर्ध्या कमांड गिळतात, माझा पहिला तसाच निघाला, परत पाठवला. ब्लूटूथ मध्येच तुटतं. आणि लावून ठेवला तर बंद गाडीतही बॅटरी ओढतो, त्यामुळे चार दिवस गाडी हलणार नसेल तर उपटून ठेवा.