देवगडजवळच्या एका आडबाजूच्या हॉटेलाचा अनुभव: दिवाळी ते पावसाळा

देवगड आणि आचरा यांच्या मधल्या किनाऱ्यावर, नारळीच्या वाडीत असलेल्या एका छोट्या हॉटेलात आम्ही गेल्या दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत अधूनमधून राहिलो, आणि आमच्या सांगण्यावरून कोल्हापुरातले शेजारी, नातेवाईक व ऑफिसमधले सहकारीही तिथे जाऊन आले. कोणी पुढच्या सुट्टीचे आगाऊ पैसे भरून परतले, तर कोणी नंतर काही दिवस आमच्याशी धड बोलले नाही.

गगनबावड्याहून करूळ घाट उतरून तळेरे, नांदगावमार्गे जाणारा रस्ता सोपा आहे. मात्र शेवटचा टप्पा चिऱ्यांच्या गडग्यांमधून, म्हणजे जांभ्या दगडाच्या कुंपणभिंतींमधून, जातो आणि समोरून रिक्षा आली तरी एका गाडीला मागे सरावे लागते, त्यामुळे अंधार पडण्यापूर्वी पोहोचावे.

मतभेदांचे सर्वांत मोठे कारण भरती-ओहोटी हे आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ अंदाजे कळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. पौर्णिमेला तो सव्वाअकराच्या आसपास येतो, म्हणजे सूर्यास्ताच्या सुमारास ओहोटी असते आणि हॉटेलासमोर ओल्या, घट्ट वाळूचे मोकळे मैदान मिळते. अष्टमीला हीच भरती सहाच्या सुमारास येते. ती भांगाची, म्हणजे कमी जोराची, असल्यामुळे पाणी पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाइतके वर चढत नाही, तरी घट्ट वाळू बुडते आणि पाय रुतणाऱ्या भुसभुशीत वाळूचा पट्टा तेवढा उरतो. आमचे शेजारी पौर्णिमेला गेले आणि त्यांची मुले अंधार पडेपर्यंत क्रिकेट खेळली. मेहुण्यांचे कुटुंब अष्टमीला त्याच खोलीत उतरले आणि ‘बीच नावालाच आहे’ असे सांगत परतले. मालक फोनवर ‘दिवस बघून येवा’ एवढेच म्हणतात. घाटावरच्या माणसाला त्यातून काय कळणार? त्यांनी खोली देतानाच भरतीची वेळ सांगायला हवी.

जेवणाबाबत मी हॉटेलाच्या बाजूने आहे. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर वाढलेल्या जिभेला नारळाच्या वाटपातली आमटी पहिल्या दिवशी सौम्य वाटते हे खरे, पण दुसऱ्या दिवशी तिसऱ्यांचे (शिंपल्यांचे) सुके आणि ताजी सोलकढी मागून घेणारेही आमचेच लोक होते. जुलैमध्ये गेलेल्या सहकाऱ्यांची तक्रार मात्र रास्त होती. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, त्यामुळे त्यांना सुके बोंबील, अंडी आणि एकदा खाडीतले थोडे मासे मिळाले. यात स्वयंपाकघराचा दोष नाही; परंतु भिंतीवरच्या दरपत्रकात सुरमई थाळी तशीच लिहून ठेवणे आणि पाहुणे पाटावर बसल्यावर ‘नाही’ म्हणणे बरे दिसत नाही. रात्रीचे जेवण दुपारी चारपूर्वी सांगावे लागते. बाजार दूर असल्याने ते समजण्यासारखे आहे.

खोल्यांपैकी समुद्राकडच्या खोल्यांना सगळ्यांची पसंती असते. तथापि पावसाळ्यात खारे वारे थेट आत येतात, गाद्या दमट राहतात आणि वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर केवळ दिवा व पंखा चालतो. जूननंतर वाडीकडची खोली घ्यावी. फोनला रेंज क्वचितच मिळते, म्हणून रोख रक्कम सोबत असावी.

पाण्याच्या बाबतीत मात्र सगळ्या पाहुण्यांचे एकमत आहे. विहिरीचे पाणी मचूळ आहे; साबणाला फेस येत नाही, केस चिकट राहतात आणि नळांच्या तोट्यांवर हिरवट-पांढरे कीट इतके साचले आहे की आमच्या न्हाणीघरातली तोटी दोन्ही हातांनी फिरवावी लागत असे. पिण्यासाठी वेगळे पाणी देतात, अंघोळीसाठी गोड्या पाण्याची एक बादली मागितल्यास तीही देतात, पण ती दर वेळी आठवण करून मागावी लागते. दिवाळीत टँकरची सोय करण्याचे आश्वासन मिळाले होते आणि पावसाळ्यातही तेच मिळाले. माझे पाचपैकी साडेतीन गुण आहेत. टँकर आला तर चार देईन.