बाळाचा इलेक्ट्रिक झोका : सहा-सात महिने वापरल्यानंतर

लेक दीड महिन्याची असताना हा झोका घेतला. त्याआधी सांगलीत मारुती रोडपासून विश्रामबागपर्यंत बरीच दुकानं पालथी घातली. स्प्रिंगची झोळी सगळ्यात स्वस्त आणि घरोघरी दिसणारी, पण आम्ही ती टाळली. जाळीत बाळाचं मुटकुळं होतं, हनुवटी छातीला टेकते. मान न धरलेल्या बाळाचा श्वास अशाने कोंडू शकतो आणि त्याचा आवाजही होत नाही. म्हणून सीट मागे किती आडवी होते, हेच मी आधी पाहिलं.

दुसरं म्हणजे पट्टे. खांद्यांचे दोन, कंबरेचे दोन आणि पायांमधला एक, असे पाचही हवेत. नुसता कंबरपट्टा असेल तर बाळ खाली घसरतं. आमच्या झोक्याचं बकल दाबायला कडक आहे, एका हाताने सुटत नाही. मला ते आवडलं. बैठक रुंद आहे, पायांना रबर आहे, त्यामुळे गुळगुळीत फरशीवरही सरकत नाही. पाच वेगांपैकी पहिले दोनच लागले. गाणी मात्र कर्कश, ती बंदच ठेवली.

सगळ्यात महत्त्वाचं : हा झोपवायचा पाळणा नाही. डोळा लागला की उचलून सपाट, घट्ट गादीवर उताणं निजवायचं. सासूबाई म्हणायच्या, "झोप लागलीय लेकराला, कशाला उठवतीस?" मग त्यांना सांगितलं, अमेरिकेत 10 अंशांपेक्षा जास्त उताराची बाळांची झोपायची साधनं विकायला 2022 च्या कायद्याने बंदी आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये फिशर-प्राइसने तिथे 20 लाखांहून जास्त स्नूगा झोके परत मागवले, कारण त्यात झोपवलेली पाच बाळं दगावली होती. बहुतेकांचे पट्टे लावलेले नव्हते आणि आत जादा पांघरूण होतं. तेव्हापासून मानेखाली तळवा सरकवून सासूबाईच तिला अलगद उचलतात, माझ्यापेक्षा सफाईने.

एप्रिल-मेच्या उकाड्यात कव्हरचं कापड त्रास देतं, पाठ ओलीचिंब होते. खाली दुपटं घालावंसं वाटतं, पण पट्ट्यांखाली जादा कापड नकोच. आम्ही सकाळ-संध्याकाळ थोडा वेळच बसवायचो, अंगात मलमलचं झबलं. कव्हर धुवायला निघतं, पण परत चढवताना पट्टे खाचांतून ओवायचे म्हणजे कटकट. वीज गेली की झोका थांबतो, म्हणून सेलवरही चालणारा घ्या. वजन वाढलं तशी मोटर मंदावली.

वजनाची मर्यादा 9 किलो आहे, लेक अजून त्याखालीच आहे. तरी ती आधाराशिवाय बसू लागली, पुढे झुकून दांडा धरू लागली, तेव्हा आम्ही झोका बंद केला. आता तो मिरजेच्या नणंदेकडे जाईल. स्क्रू आवळून आणि बकल तपासून ठेवलंय, माहितीपुस्तिकाही सोबत देतेय. जुना झोका कुणाकडून घेणार असाल तर एवढं पाहाच, शिवाय ते मॉडेल कंपनीने परत मागवलंय का, हेही.