ईटीएफचा जुना भाव तपासताना: बाजारातील बंद भाव की एनएव्ही?

ईटीएफ (निर्देशांकाच्या किंवा सोन्याच्या भावामागे चालणारा, शेअरसारखा बाजारात विकत मिळणारा फंड) घेण्यापूर्वी त्याची मागील काही वर्षांची चाल पाहावी, हे आता बेळगाव, निपाणी, खानापूर भागातील गुंतवणूकदारांना वेगळे सांगावे लागत नाही. सोसायटीतील ठेवीची मुदत संपल्यावर त्यातील थोडी रक्कम इकडे वळवणारे अनेक जण ओळखीत आहेत आणि त्यातले बरेच जण एक्सेलमध्ये आकडे मांडूनच निर्णय घेतात. अडचण पुढे येते. एकाच ईटीएफचे, एकाच तारखेचे दोन अधिकृत आकडे उपलब्ध असतात. एक शेअर बाजाराच्या भावकॉपीतील, म्हणजे रोजच्या भावांच्या फाइलीतील, बंद भाव आणि दुसरा फंडाने जाहीर केलेली, ॲम्फी या म्युच्युअल फंडांच्या संघटनेच्या संकेतस्थळावर मिळणारी एनएव्ही, म्हणजे फंडाकडील मालमत्तेचे एका युनिटमागचे मूल्य. हे दोन आकडे क्वचितच तंतोतंत जुळतात. दहा वर्षांचा हिशेब मांडायचा तर कोणता रकाना घ्यावा, हा प्रश्न मलाही पडला होता.

बंद भावाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते आधी सांगणे न्याय्य ठरेल. आपण ईटीएफ विकत घेतो तो बाजारात, बाजारभावानेच. एनएव्हीच्या भावाने आपल्याला कोणी युनिट देत नाही. फंडाशी थेट व्यवहार हा मोठ्या रकमेच्या गुंतवणूकदारांचा आणि मार्केट मेकरांचा, म्हणजे बाजारात सतत खरेदी-विक्रीचे भाव देणाऱ्यांचा, प्रांत आहे. भावकॉपीत बंद भावाबरोबर दिवसाचा उच्चांक, नीचांक, झालेली उलाढाल आणि व्यवहारांची संख्याही मिळते. एनएव्हीच्या फाइलीत यातले काहीच नसते, फक्त तारीख आणि आकडा. ती फाइल अर्धविरामांनी तोडलेली असल्याने एक्सेलमध्ये उघडली की सगळा मजकूर एकाच रकान्यात कोंबला जातो. तो आधी वेगळा करावा लागतो आणि जुना इतिहास मर्यादित काळाच्या तुकड्यांतच उतरवून घ्यावा लागतो. भावकॉपीचेही सगळे सरळ नाही. जुलै 2024 मध्ये तिचा साचा बदलला, रकान्यांची नावे बदलली आणि जुन्या साच्यावर बेतलेली सूत्रे नव्याने लिहावी लागली. सोयीच्या दृष्टीने दोघांत फार डावे-उजवे करता येणार नाही.

माझा कल ठरवला तो बंद भावाच्या रकान्यातील एका त्रासाने. राष्ट्रीय शेअर बाजारात बंद भाव म्हणजे शेवटच्या व्यवहाराचा भाव नव्हे. दुपारी तीन ते साडेतीन या अर्ध्या तासातील व्यवहारांची उलाढालीनुसार काढलेली सरासरी म्हणजे बंद भाव. रोज लाखो युनिट ज्यात फिरतात अशा ईटीएफमध्ये ही पद्धत उत्तम चालते. मात्र ज्या ईटीएफमध्ये शेवटच्या अर्ध्या तासात एकही व्यवहार होत नाही, तिथे त्या दिवशी जो शेवटचा व्यवहार झाला असेल, मग तो सकाळी सव्वादहाचा का असेना, त्याचाच भाव बंद भाव म्हणून नोंदला जातो. दिवसभरात एकही व्यवहार झाला नाही, तर भावकॉपीत त्या दिवसाची ओळच नसते.

निफ्टी 50 वर चालणारे दोन वेगवेगळ्या फंडांचे ईटीएफ मी शेजारी-शेजारी मांडत होतो. एकाची उलाढाल भरपूर, दुसऱ्याची नाममात्र. खर्चाचे प्रमाण, म्हणजे फंड दरवर्षी कापून घेतो तो टक्का, मात्र दुसऱ्याचे कमी. बंद भावावरून रोजचा टक्केवारीतील बदल काढला, तेव्हा कमी खर्चाचा ईटीएफ निर्देशांकाच्या मागे कुठेतरी भरकटत चालल्यासारखा दिसू लागला. निर्देशांक घसरला त्या दिवशी हा स्थिर, आणि दुसऱ्या दिवशी निर्देशांक स्थिर असताना हा खाली. मग त्या तारखांच्या ओळी नीट पाहिल्या. सुरुवातीचा भाव, उच्चांक, नीचांक आणि बंद भाव या चारही रकान्यांत एकच आकडा होता, पैशासकट तोच, आणि व्यवहारांच्या रकान्यात एक. म्हणजे सकाळी कोणीतरी चार युनिट घेतली, त्यानंतर बाजार दुपारी दीड टक्का उतरला तरी त्या ईटीएफच्या नावावर सकाळचाच भाव राहिला. हा फंडाच्या व्यवस्थापनाचा दोष नव्हता आणि निर्देशांकाचाही नव्हता. तो आकडा कोणत्या वेळेचा आहे, याबाबत बंद भावाचा रकाना ताकास तूर लागू देत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

त्याच दोन ईटीएफची एनएव्ही घेऊन हिशेब पुन्हा केला, तेव्हा दोन्ही रेषा जवळजवळ एकमेकींवर बसल्या आणि वर्षाअखेरीस खर्चाच्या प्रमाणातील फरकाएवढेच अंतर उरले. एनएव्ही ही फंडाकडील समभागांच्या त्याच दिवसाच्या बंद भावावरून निघते, त्यामुळे आपल्या ईटीएफमध्ये कोणी व्यवहार केला की नाही, याच्याशी तिला देणे-घेणे नसते. फंड आपले काम चोख करतो का, हे तपासायचे असेल तर मला तरी हा रकाना अधिक प्रामाणिक वाटतो. अर्थात ज्यांना फक्त भरपूर उलाढालीच्या एक-दोन ईटीएफमध्येच रस आहे, त्यांना हा फरक कदाचित जाणवणारही नाही.

एनएव्ही घेतल्यावर तुलना कशाशी करायची, याचे पथ्य मात्र पाळावे लागते. आपल्याकडील बहुतेक इंडेक्स ईटीएफ समभागांवर मिळालेला लाभांश वाटत नाहीत, तो फंडातच पुन्हा गुंतवतात. म्हणून एनएव्हीत लाभांश सामावलेला असतो. रोजच्या बातम्यांत दिसणाऱ्या निफ्टीत तो नसतो. दोन्ही शेजारी ठेवले तर ईटीएफ निर्देशांकाला हरवतो आहे असा भास होतो. तुलना लाभांश धरून मोजलेल्या टोटल रिटर्न निर्देशांकाशीच करावी; बाजार नियामक सेबीनेही 1 फेब्रुवारी 2018 पासून म्युच्युअल फंडांना तोच मानदंड वापरायला लावला आहे.

युनिटच्या विभाजनाची कटकट मात्र दोन्ही रकान्यांत सारखीच आहे आणि ती एकदाच समजून घेतली की पुरते. देशातील पहिला ईटीएफ म्हणजे 2001 च्या अखेरीस आलेला निफ्टी बीज. डिसेंबर 2019 मध्ये त्याच्या एका युनिटची दहा युनिट झाली, आणि सोन्यावरील गोल्ड बीजच्या एकाची शंभर. बाराशेच्या वरचा निफ्टी बीजचा आकडा एकदम सव्वाशेच्या आसपास आलेला दिसतो. गुळाचा भाव आदल्या दिवशी क्विंटलचा लिहावा आणि दुसऱ्या दिवशी दहा किलोच्या ढेपेचा, तसाच हा प्रकार. भावकॉपी आणि ॲम्फीची फाइल या दोन्ही जुने आकडे मागे जाऊन बदलत नाहीत. त्या तारखेपूर्वीचे आकडे आपणच दहाने किंवा शंभराने भागून घ्यायचे. दर्शनी मूल्य बदलले की आयएसआयएन हा ओळख क्रमांकही बदलतो, त्यामुळे त्या क्रमांकावरून शोधणाऱ्याला निम्मा इतिहास गायब झाल्यासारखा वाटतो.

हे सगळे आयते करून देणारा तिसरा पर्यायही आहे, तो म्हणजे विनामूल्य संकेतस्थळांवरील समायोजित, म्हणजे विभाजन आणि लाभांश धरून मागचे आकडे बदललेला, बंद भाव. घाईत असलेल्याला तो पुरेसा ठरू शकेल. पण अशाच एका संकेतस्थळावर मला काही ईटीएफचे विभाजनापूर्वीचे आकडे व्यवस्थित भागलेले आढळले, तर काहींचे तसेच सोडलेले. आणि कोणते कुठले, हे सांगणारी एक ओळही कुठे नव्हती. शिवाय लाभांश देणाऱ्या ईटीएफच्या बाबतीत प्रत्येक लाभांशानंतर मागचे सगळे आकडे पुन्हा बदलतात, त्यामुळे आपल्या जुन्या कॉन्ट्रॅक्ट नोटेशी (दलालाकडून मिळालेल्या व्यवहाराच्या पावतीशी) ते ताडून पाहण्याची सोय राहत नाही. तिसरा पर्याय मी यापलीकडे धरला नाही.

एनएव्ही कुठे उणी पडते, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेच्या नॅसडॅक 100 सारख्या परदेशी निर्देशांकावरील ईटीएफ हे त्याचे ठळक उदाहरण. परदेशी गुंतवणुकीवरील मर्यादेमुळे फंडांना नवी युनिट तयार करता येईनाशी झाली की मागणी बाजारातील युनिटांवरच तुटून पडते आणि भाव एनएव्हीच्या बराच वर जातो. अशा काळाचा इतिहास फक्त एनएव्हीतून वाचणाऱ्याला, घेणाऱ्यांनी प्रत्यक्षात किती जास्त मोजले, याचा पत्ताच लागत नाही. इथे बंद भाव हवाच. त्यातही अमेरिकेचा बाजार आपल्याकडे मध्यरात्रीनंतर बंद होतो, तेव्हा एकाच तारखेचे दोन आकडे प्रत्यक्षात वेगवेगळ्या वेळांचे असतात. एका दिवसाच्या फरकावर विसंबू नये, काही आठवड्यांची सरासरी पाहावी.

सोन्याच्या बाबतीत मी फारसा आग्रही नाही. गोल्ड बीजमध्ये उलाढाल इतकी असते की बंद भावही विश्वासार्ह वाटतो. जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात आयात शुल्क 15 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आले, तेव्हाची घसरण दोन्ही रकान्यांत स्पष्ट दिसते, बेळगावातील शहापूरच्या सराफांच्या फलकावर दिसली तशीच. रोकड अल्पकाळ ठेवण्यासाठीच्या लिक्विड बीज या ईटीएफसाठी मात्र दोन्ही रकाने निरुपयोगी आहेत. त्याची एनएव्ही हजार रुपयांवरच राहते आणि परतावा वाढीव युनिटांच्या रूपाने मिळतो, म्हणून भावाची रेषा आडवीच दिसणार.

भावकॉपी वापरायचीच असेल तर उलाढालीच्या रकान्यातील काही तारखा वगळाव्यात. 1 नोव्हेंबर 2024 ची ओळ घ्या. आपल्या सीमाभागात तो काळा दिन असल्याने तारीख लगेच डोळ्यांत भरते. त्या दिवशी बाजारात संध्याकाळी केवळ एक तास दिवाळीच्या मुहूर्ताचे व्यवहार झाले. त्या ओळीवरून उलाढाल आटली असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल.

माझ्या तक्त्यात आता एनएव्ही हा मुख्य रकाना आहे. परतावा, चढ-उतार, निर्देशांकापासूनचे अंतर हे सारे मी त्यावरूनच काढतो. बंद भाव शेजारी ठेवतो तो दोन्हींतील टक्केवारीचा फरक पाहण्यापुरता, आणि ज्या ओळींत चारही भाव सारखे आहेत त्यांना रंग देऊन ठेवतो. एखाद्या ईटीएफच्या तक्त्यात असा रंग वारंवार दिसू लागला, तर त्याची एनएव्ही कितीही देखणी असली तरी विकताना गिऱ्हाईक मिळेल का, हा प्रश्न विचारावा लागतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याने, मला वाटते, आधी एनएव्हीचा इतिहास उतरवून घ्यावा आणि भावकॉपीतील आकडे मागच्या वर्षभरापुरतेच जोडावेत. दिवसभर बदलत राहणाऱ्या अंदाजी एनएव्हीचा जुना इतिहास सर्वसामान्यांना सहज मिळत नाही, म्हणून ऑर्डर टाकताना तो आकडा मी तिथल्या तिथे शेजारच्या रकान्यात लिहून ठेवतो.