मोठ्या मुलांना सायकल शिकवायची असेल तर आधी इथे जा (म्हापसा, मार्केटजवळचं सायकल दुकान)

पाच स्टार देतेय आणि मनापासून देतेय. माझी मुलगी अकरा वर्षांची, सहावीत आहे, सायकल येत नव्हती. या वयात पडायच्या भीतीपेक्षा लाजच जास्त असते हो, वाड्यावरची पहिली-दुसरीतली पोरं सुसाट जातात आणि त्यांच्यासमोर आपण धडपडायचं म्हणजे नकोच, म्हणून ती विषयच टाळायची.

आधी दुसऱ्या एका दुकानात गेलो होतो, तिथे सरळ २६ इंची काढून दाखवली, वाढतं अंग आहे, मोठीच घ्या, शिकेपर्यंत बाजूची चाकं लावून देतो म्हणाले. कपडे वाढत्या मापाचे घेतात ते ठीक, पण ज्या सायकलवर बसून पाय जमिनीला टेकत नाहीत तिच्यावर मूल शिकणार कसं? आणि बाजूच्या चाकांवर सायकल कलतच नाही, मग तोल सांभाळायची सवय लागणार कुठून!

इथल्या काकांनी मला काही विचारायच्या आधी पोरीलाच विचारलं, बाय, तुका खंयची आवडली (तुला कुठली आवडली)? मग २४ इंचीवर बसवलं, सीट पार खाली घेतली, दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकले तेव्हाच माप बरोबर म्हणाले. ब्रेकच्या दांडीजवळचा बारका स्क्रू फिरवून दांडी हँडलजवळ आणली, कारण तिची बोटं पोचत नव्हती. हे इतकं बारीक कोण बघतं सांगा. ब्रेक दोन्ही एकाच वेळी दाबायचे, नुसता पुढचा करकचून नाही, हेही तिच्याकडून करून घेतलं.

आणि मग चक्क नव्या कोऱ्या सायकलची दोन्ही पेडलं काढून पिशवीत घालून दिली! म्हणाले आधी बसून नुसतं चालायचं, मग लांब लांब ढांगा टाकायच्या, मग पाय उचलून सायकल जाईल तेवढी जाऊ द्यायची, न टेकता बऱ्यापैकी लांब जायला लागली की पेडलं लावा. १५ नंबरचा पाना लागतो, आणि डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे त्यांनी दोनदा बजावलं, जबरदस्तीने चुकीचं फिरवलं तर क्रँकचे (पेडल ज्या दांडीला बसतं तिचे) आटे जातात आणि तो खर्च वेगळा.

आम्ही गावातल्या फुटबॉल ग्राउंडवर सकाळी उजाडता उजाडता जायचो, कोणी बघायला नाही, कडेला किंचित उतार आहे तिथून सोडायचं. तिचे बाबा सवयीने हँडल धरायला जायचे, पण काकांनी सांगून ठेवलेलं की हँडल धरायचं नाही, फार तर खांद्याला हात, कारण हँडल आपण धरलं तर तोल आपणच सांभाळतो आणि मुलाला काही कळतच नाही. नजर चाकावर गेली की सायकल डगमगते, म्हणून सारखं "मुखार पळय, मुखार पळय" (पुढे बघ). पेडलं लावल्यावर एक पेडल वर पुढे आणून त्याच्यावर जोर देऊन निघायचं, तेही पटकन जमलं, आणि आता सीट हळूहळू वर घेतोय. पोरगी ट्युशनला सायकलने जायचं म्हणतेय, मेन रोडला मी अजून सोडत नाही, ट्रॅफिक बघताय ना.

किंमत थोडी जास्त वाटली, पण पहिली सर्व्हिस आणि पेडलं परत घट्ट करून देणं त्यातच आलं. मोठ्या मुलांच्या मापाची हेल्मेट मात्र फार कमी ठेवतात, आम्हाला पणजीहून आणावं लागलं, हे त्यांनी सुधारावं. पावसाळ्यात चेनला तेल घालत राहा, आपल्याकडच्या दमट हवेत गंज धरायला वेळ लागत नाही.

दुपारी जेवणाच्या वेळेला दुकान बंद असतं आणि शुक्रवारी बाजारामुळे गाडी लावायला जागाच मिळत नाही, त्यामुळे दुसऱ्या कुठल्या दिवशी सकाळी जा आणि मुलाला सोबत न्याच, त्याला न बसवता ते सायकल विकत नाहीत.